फेरफार

आमच्या गावच्या पानावरून तलाव गेला, तेव्हा रोवणी सुरू होती. बाया बांधीत वाकलेल्या, पऱ्ह्यांच्या जुड्या धुऱ्यावर ओळीनं टाकलेल्या, आणि मी तलावाच्या पाळीवर मोहाखाली बसून फोनवर मराठी विकिपीडियाचे ‘अलीकडील बदल’ बघत होतो. गावाच्या नावापुढे लाल आकडा दिसला. लाल म्हणजे कोणीतरी मजकूर काढलाय. पान उघडलं. लोकसंख्या, शाळा, आठवडी बाजार, दिवाळीनंतरची मंडई, तलाव, सगळं गेलेलं. त्या जागी एकच ओळ होती : ‘इथं काहीच नाही.’

समोर तलाव निम्म्याच्या वर भरला होता. पलीकडच्या काठाला बगळे होते, तुडुमातून पाणी पाटात उतरत होतं, आणि माझ्या हातातल्या फोनवर लिहिलेलं होतं, इथं काहीच नाही.

‘इतिहास’ उघडला, दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडे जुना मजकूर, लांबलचक, पिवळ्या पट्टीत. उजवीकडे ती तीन शब्दांची ओळ. ‘उलटवा’ दाबलं, कारणाच्या चौकटीत ‘मजकूर काढला होता, परत आणला’ असं लिहिलं. झालं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. विकिपीडियाच्या भाषेत याला उत्पात म्हणतात, आणि उत्पात निस्तरणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. शेण पडलं, उचललं.

ती ओळ मात्र डोक्यातून जाईना. शिवी देणारा शिवी देऊन मोकळा होतो. या पोरानं (पोरगंच असणार, असं मला आजही वाटतं) शिवी दिली नव्हती, कोणाचं नाव घातलं नव्हतं. त्यानं गावाबद्दल त्याला जे वाटतं ते लिहिलं होतं. दहावी झाली की नागपूर, नाहीतर पुणे. मागं राहतो त्याला विचारतात, तू काहून थांबला. मी त्याच्या चर्चा पानावर निरोप ठेवला : ‘गावाच्या पानात काही चुकलं असेल, राहिलं असेल, तर सांगा. आपण मिळून लिहू.’ उत्तर आलं नाही. तो कोण होता हे मला कधीच कळलं नाही.

मी तलाठी होतो, आमच्या भंडाऱ्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी पटवारी. एकतीस वर्षं नोकरी झाली. निवृत्तीनंतर भाच्यानं फोनवर मराठी टंकायला शिकवलं आणि विकिपीडियावर खातं उघडून दिलं. मूळ विकिपीडिया २००१ चा, मराठी १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. आत शिरलो आणि पहिल्याच दिवशी ओळखीचे शब्द भेटले. सगळ्यांनी बसून बोलायची जागा, तिचं नाव चावडी. नवख्यानं लिहून पाहायची जागा, धूळपाटी. ठरवून दिलेलं काम न थकता करणारा संगणकी प्रोग्राम म्हणजे सांगकाम्या. ज्यानं कोणी ही नावं ठेवली, त्याला माझा नमस्कार. परक्या ठिकाणी आलो असं मला एक दिवसही वाटलं नाही.

त्यातही सगळ्यात ओळखीचा वाटला तो ‘इतिहास’. जमिनीच्या कागदात याला आम्ही फेरफार म्हणतो.

ज्यांनी सातबारा फक्त कर्जाच्या वेळी पाहिला, त्यांच्यासाठी सांगतो. वावर विकलं, बाप वारला, वाटणी झाली, की सातबाऱ्यावरचं नाव असंच बदलता येत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण ६-अ मध्ये, वादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जातं, दोन्ही बाजू ऐकल्या जातात आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुनं नाव आम्ही खरवडत नव्हतो, त्याला कंस घालत होतो. शेजारी फेरफाराचा क्रमांक, वर्तुळात. पन्नास वर्षांनी कोणी आला तरी त्या क्रमांकावरून वही काढता येते आणि कोणाचं नाव कधी, कशामुळे कमी झालं ते वाचता येतं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक म्हातारा कास्तकार माझ्यासमोर येऊन बसला होता. वाटणीत त्याचं नाव एका गटावरून कमी झालं होतं आणि माझी नोंद अर्धवट होती. मालक बदलला एवढंच मी लिहिलं होतं, कशानं ते लिहायचं राहिलं होतं. तो भांडला नाही. म्हणाला, “साहेब, खोडलं तं खोडलं. काहून खोडलं ते तं लिवा.” नोंद दुरुस्त झाली, त्याचं गाऱ्हाणं मिटलं. वाक्य माझ्याजवळ राहिलं.

विकिपीडियावर पहारा ठेवायला लागलो तेव्हा वाटलं होतं, हेच काम आहे, फक्त वावर नाही. बऱ्याच अंशी ते खरंही निघालं. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की गावोगावच्या पानांवर ‘लोकप्रिय, कर्तव्यदक्ष’ उमेदवार उगवतात आणि निकालानंतर हरलेल्या बाजूचा कोणीतरी येऊन त्यांच्यापुढे नको ते लिहून जातो. ‘प्रसिद्ध व्यक्ती’ या मथळ्याखाली स्वतःचं आणि तीन दोस्तांचं नाव. मोबाईल नंबर. जातीवरून शिवीगाळ. ती दिसली की मी क्षणभर थांबत नाही, आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा करत असेल तर प्रचालकांना, म्हणजे विकिपीडियाची व्यवस्था पाहणाऱ्यांना, सांगतो. ते पान सुरक्षित करतात किंवा त्याला काही काळ बंद ठेवतात. कोणी नुसतंच ‘कककक’ करून जातो. तो उत्पात नाही. हे खरंच बदलतं का, हे कोणीतरी बोट लावून पाहिलेलं असतं. त्याला दटावू नये. त्याला धूळपाटीचा रस्ता दाखवावा, गोड बोलून. आजचा ‘कककक’ उद्या आपल्या तालुक्यातल्या पन्नास गावांची पानं नीट करून जाईल.

इंग्रजी विकिपीडियावर उघड उत्पात काही सेकंदांत मागे फिरवणारे सांगकामे आहेत, शिवाय माणसंही भरपूर. आपल्याकडे डोळे कमी. आणि तिथंही डोळ्यांतून सुटतं. २००५ च्या मे महिन्यात जॉन सिगेंथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कोणीतरी गंमत म्हणून लिहिलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. निव्वळ खोटं. सुमारे चार महिने ते तसंच राहिलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या पानावर, एवढ्या मोठ्या भाषेत. त्यानंतर त्या वर्षाच्या डिसेंबरात तिथं खातं नसलेल्यांना नवं पान तयार करायला बंदी झाली. आमच्या तालुक्यातल्या एखाद्या गावाच्या पानावर कोणी खोटं लिहिलं तर किती दिवस राहील, हा विचार आला की मी झोपायच्या आधी एकदा फोन उघडतोच.

पण खरी परीक्षा उत्पाताची नव्हे. ती प्रामाणिक माणसांच्या भांडणाची.

नवेगावबांध घ्या. कोणी लिहितो भंडारा जिल्हा, दुसरा खोडून लिहितो गोंदिया. पहिल्याकडे जुनं गॅझेटियर आहे, छापील, सरकारी. दुसरा त्याच मातीतला आहे आणि त्याच्या आधार कार्डावर गोंदिया आहे. १ मे १९९९ ला जिल्ह्याचे दोन झाले. पुस्तक आपल्या तारखेला खरं होतं, हा आपल्या तारखेला खरा आहे. दोघांना तारीख दाखवली की भांडण संपतं.

लोणार त्याहून अवघड. आकड्याला हात लागला की मला आधी संशय येतो, कारण गुपचूप आकडा बदलणं ही उत्पाताची सगळ्यात वाईट तऱ्हा. शिवी दिसते, आकडा दिसत नाही. विवराचं वय बरीच वर्षं ५२ हजार वर्षं असं सांगितलं गेलं. ते पुसून कोणी ५ लाख ७० हजार लिहिलं, तर नवख्या पहारेकऱ्याला वाटेल पोरानं दहापट केली. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आर्गॉन पद्धतीनं केलेल्या मोजणीतून हाच आकडा आला आहे, आणि जुना दुसऱ्या पद्धतीचा होता. इथं बटणाला हात लावण्याआधी वाचावं लागतं. मग दोन्ही आकडे, आपापल्या पद्धतीसकट, आपापल्या संदर्भासकट पानावर राहतात. अशा वेळी मला ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांची आठवण येते. अमरावतीत शिकलेल्या या माणसानं १९१६ साली नागपुरात ज्ञानकोशाच्या कामाला हात घातला आणि २३ खंड मराठीला दिले. छापलेल्या खंडात नवा आकडा घालायचा तर पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची. आपल्याला ती पाहावी लागत नाही, म्हणून आपली घाई वाढली आहे.

त्याच घाईत माझ्या हातून चूक झाली. आणि ती तलावाच्याच ओळीवर झाली.

आमच्या गावच्या पानावर फार पूर्वीपासून एक वाक्य होतं : ‘गावातील तलाव मालगुजार घराण्याने बांधला.’ मालगुजार म्हणजे इंग्रजांच्या काळात गावाचा सारा सरकारात भरणारा जमीनदार. एका रात्री कोणीतरी, खातं न उघडता, ते बदललं : ‘गावातील तलाव कोहळी लोकांनी खोदला. मालगुजार मागून आले.’ संदर्भ नाही, पुस्तक नाही. मी उलटवलं. कारणाची चौकट रिकामी. दुसऱ्या दिवशी ते वाक्य पुन्हा आलं. मी पुन्हा उलटवलं, पुन्हा रिकामी चौकट. संध्याकाळी ते तिसऱ्यांदा आलं, आणि या वेळी बदलासोबत माझ्यासाठी एक ओळ होती : ‘खोडता काहून ते तं सांगा.’

मी फोन खाली ठेवला.

इंग्रजी विकिपीडियावर नियम आहे, एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही. उलटवलं तर बाजू खरी असली तरी कारवाई होते. मी तो नियम मोडला नव्हता. पण मोडला नव्हता म्हणजे माझं बरोबर होतं, असं नाही. एकतीस वर्षं ज्याच्यासाठी वह्या भरल्या, तेच मी दोन वेळा केलं नव्हतं. आणि मग मी जुन्या वाक्याकडे नीट पाहिलं. मालगुजारांनी बांधला. त्याला तरी कुठं संदर्भ होता? त्याच्यामागेही काही नव्हतं. ते फक्त आधीपासून तिथं होतं. जमिनीत आम्ही वहिवाट आणि मालकी यांत फरक करतो. वीस वर्षं नांगर चालवला म्हणून सातबारा आपोआप नावावर होत नाही. पानावर मात्र मी वहिवाटीलाच मालकी समजून बसलो होतो. नव्याला विचारत होतो कागद दाखव, जुन्याला कधी विचारलंच नव्हतं.

मी चर्चा पानावर लिहिलं की माझी चूक झाली, दोन्ही वाक्यांना आधार नाही, भेटून बोलू. आठ दिवसांनी एक गृहस्थ सायकलवर घरी आले. पलीकडच्या टोलीवरचे. मी त्यांना तोंडओळखीनं जाणत होतो, त्यांच्या बापाचा वारस फेरफार माझ्याच हातचा. चहा झाला. म्हणाले, “काकाजी, मले वाटलं नागपूरचा कोनी साहेब बसून खोडते. तुमी निंघाले.”

हे ऐकायला मला फार जड गेलं.

आम्ही शोधायला लागलो. कोहळी समाजाच्या तलावबांधणीबद्दल छापील आधार आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा १९१६ चा ग्रंथ आहे, त्यात कोहळ्यांच्या तलाव बांधण्याच्या आणि ऊस पिकवण्याच्या कसबाची नोंद आहे. नवेगावबांधच्या तलावाला कोलू पाटील कोहळी यांचं नाव जोडलेलं आहे. पण आमच्या गावच्या तलावाबद्दल एक ओळ नाही. छापलेलं जे आहे ते मालगुजारीबद्दल आहे. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि दप्तरात त्यांचं नाव पडलं ‘माजी मालगुजारी तलाव’. तोंडी मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, जिकडे जाल तिकडे हेच नाव. कायदा आला त्या दिवशी तलाव ज्याच्या ताब्यात होता, त्याचं नाव तलावाला कायमचं चिकटलं. बांधणारा कोण, हा प्रश्न त्या कागदानं विचारलाच नव्हता, कारण त्या कागदाचं ते कामच नव्हतं.

विकिपीडियाचा नियम आहे की स्वतःचं संशोधन पानात घालायचं नाही. कुठंतरी आधी प्रसिद्ध झालेलं हवं. नियम चांगला आहे. तो नसता तर निवडणुकीच्या महिन्यात प्रत्येक गाव एकेका उमेदवाराच्या पणजोबानं वसवलेलं निघालं असतं. मी त्याची बाजू घेतो आणि घेत राहीन. पण त्या दिवशी त्या गृहस्थांसमोर बसलेलो असताना मला तो बोचला. मोजणी अधिकारी लिहीत होते, मालगुजाराचा दिवाणजी लिहीत होता, नंतर आम्ही पटवारी लिहीत होतो. पाळीवर माती टाकणारा लिहीत नव्हता. मग ‘संदर्भ हवा’ हा शिक्का सगळ्यांना सारखा लावला तरी तो सगळ्यांवर सारखा बसत नाही.

शेवटी ठरलं ते असं. गावच्या पानावरून दोन्ही वाक्यं काढायची, आणि फक्त एवढं ठेवायचं : ‘गावात माजी मालगुजारी तलाव आहे.’ कोहळ्यांच्या कसबाबद्दल जे छापलेलं आहे, ते मामा तलावांबद्दलच्या मजकुरात, संदर्भासह घालायचं. मला वाटलं, निपटारा झाला. त्यांनी माझ्या फोनवरचं वाक्य वाचलं, परत वाचलं आणि विचारलं, “म्हंजे नावातच मालगुजार ठेवला. मंग खोडलं काय?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सरकारी नाव तेच आहे, ते मी बदलू शकत नाही. आज ते वाक्य तसंच पानावर आहे आणि ते दिसलं की मला त्यांचा प्रश्न ऐकू येतो.

एक मात्र केलं. चर्चा पानावर जागा असते, तिथं लेखातलं वाक्य का ठेवलं, का काढलं हे लिहिता येतं. ती आमची ६-अ. तिथं मी एक टिपण लिहिलं : या तलावाबद्दल गावात कोण काय सांगतं, आणि ते लेखात का घेता येत नाही. मालगुजारांच्या घरी गेलो. त्यांचा नातू म्हणाला, आमच्या पणजोबानं पाळ फुटली तेव्हा पैसा लावून दुरुस्त केली एवढं मला ठाऊक आहे. तेही लिहिलं. टोलीवरच्यांचं म्हणणं लिहिलं. ढिवर मोहल्ल्यातली एक म्हातारी बाई, तलावाच्या मासळीवर जिचं आयुष्य गेलं, तिलाही विचारलं. ती म्हणाली, “कोहळ्यानं जागा दावली असन. माती आमच्या लोकायनं वाहली.” तिसरी बाजू. ती आम्हा दोघांच्या मनातही आली नव्हती.

लिहून झाल्यावर वाटलं, जिचं म्हणणं लिहिलं तिला ते वाचून दाखवावं. तलाठी असताना जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेत नव्हतो. पाळीवरच भेटली, जाळं निवडत बसली होती. मी फोन डोळ्यांजवळ धरून सगळं वाचलं. ‘हा तलाव कोहळी समाजाने खोदला आणि त्याची माती ढिवर समाजातील लोकांनी वाहिली, असे काही ग्रामस्थ सांगतात.’

तिनं हात थांबवला. “खोदला नोको लिवू बाबू.”

“काहून?”

“तलाव कोनी खोदते काय? तो खोलगटच रायते. पाळ बांधा लागते. पाळ बांधली का पानी आपलंच थांबते.” तिनं पायाखालची माती हातातल्या काडीनं दाखवली. “हे बांधलं. खोदलं नाई.”

मी तिथंच बसून पान उघडलं, ‘खोदला’ काढून ‘बांधला’ केलं. मग कारणाच्या चौकटीत लिहिलं : ‘शब्द दुरुस्त केला. तलाव खोदत नाहीत, पाळ घालून बांधतात. गावातील जाणत्या बाईंनी सांगितल्यावरून.’ रेंज कमी होती. बदल जतन व्हायला वेळ लागला, तोवर ती पुन्हा जाळं निवडायला लागली होती.